मुसोलिनीच्या वारसांना जाहीर नोटीस

माझ्या नाटकातला हुकूमशहा खरा आहे, असं मी पहिल्या दिवसापासून भेटेल त्याला सांगत होतो. कोणीही विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवला तो फक्त एका कार्यालयाने, आणि त्यानंतर माझे जे हाल झाले ते सांगण्यासाठी हा प्रपंच. कार्यालयाचं नाव मी घेणार नाही, कारण पुढच्या वर्षीही मला तिथेच जायचं आहे.

नाटकाचं नाव ‘साहेब बाल्कनीत आहेत’. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सुयोग सोसायटीच्या हौशी मंडळींनी ते एका नाट्यस्पर्धेत उतरवायचं ठरवलं होतं. लेखक मी, दिग्दर्शक मी आणि तालमीनंतर सतरंज्या घडी घालणाराही मीच. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. माजी विद्यार्थी रस्त्यात भेटतात, वाकून नमस्कार करतात आणि ‘सर, तुमच्या तासाला काय झोप लागायची’ असं अगदी मनापासून सांगतात. निदान निवृत्तीनंतर तरी माझा इतिहास लोकांना जागेपणी ऐकायला लावायचाच, अशी मी खूणगाठ बांधली होती. मागच्या वर्षी ते साधलं नाही. मागच्या नाटकाला सभागृहात परीक्षक होते आणि एक गृहस्थ होते. ते गृहस्थही बाहेर ऊन फार होतं म्हणून आत आले होते, हे त्यांनी मध्यंतरात स्वतःच सांगितलं. तेव्हा यंदा प्रयोग झालाच पाहिजे आणि तो बघायला माणसं आलीच पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं होतं. एका निवृत्त शिक्षकाने आयुष्याकडे याहून कमी काय मागावं?

आता माझा हुकूमशहा. तो एक नव्हता, पाच जणांचा मिळून झाला होता. बाल्कनी आणि पुढे काढलेली हनुवटी इटलीच्या मुसोलिनीची. छातीवरची पदकं युगांडाच्या इदी अमीनची. आपण ब्रिटिश साम्राज्य जिंकलं आहे अशी पदवी या माणसाने स्वतःच स्वतःला दिली होती. राज्याभिषेक मध्य आफ्रिकेतल्या बोकासाचा. हा लष्करातून आला आणि पुढे थेट सम्राट होऊन बसला. महिन्यांना स्वतःचं आणि आईचं नाव देण्याची कल्पना तुर्कमेनिस्तानच्या नियाझोव्हची. आणि शेवट रुमानियाच्या चाउशेस्कूचा. हा बाल्कनीतून भाषण करत असताना समोरची गर्दी, जी वर्षानुवर्षं शिस्तीत टाळ्या वाजवत आली होती, ती अचानक ओरडायला लागली. साहेबांना काही उमजेना. ते आपले माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाले. हिटलर मी मुद्दाम घेतला नाही. त्याला सगळेच घेतात.

हुकूमशहाची भूमिका वत्सलाबाईंकडे होती. त्या एसटीत कंडक्टर होत्या, आता निवृत्त. आधी सोसायटीतल्या काही पुरुषांनी प्रयत्न करून पाहिला, पण त्यांचा आवाज जरा चढला की वरच्या मजल्यावरून ‘अहो, हळू’ असं ऐकू यायचं आणि हुकूमशहा तिथेच खचायचा. वत्सलाबाईंनी एकदाच ‘मागे सरका’ म्हटलं आणि पार्किंगमध्ये तालीम बघायला उभी राहिलेली माणसं खरोखर भिंतीपर्यंत सरकली. जनतेसाठी मी सोसायटीचा हास्यक्लब घाऊक घेतला. रोज सकाळी बागेत एकत्र हसणारी ही मंडळी. त्यांना एकत्र ओरडायला कितीसा वेळ लागणार, असा माझा हिशेब होता.

सगळं सुरळीत चाललं असताना परवानगीचा अर्ज आला. त्यात एक प्रश्न होता : ‘नाटकातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत काय?’ शहाणी माणसं इथे ‘होय’ लिहितात आणि घरी जाऊन चहा घेतात. पण ज्या पाच माणसांसाठी मी वाचनालयातली धूळ खाल्ली, शिंका काढल्या, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, ती काल्पनिक? मी लिहिलं, ‘नाही. मुख्य पात्र पाच खऱ्या ऐतिहासिक व्यक्तींवर आधारित आहे. पुरावे मागितल्यास सादर करीन.’ लिहिताना छाती जरा फुगली होती, हे खोटं कशाला सांगू?

कार्यालयात चैताली मॅडम होत्या. वय कोवळं, पण चेहरा एकदम शासकीय. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

“सर, खऱ्या व्यक्ती म्हणताय, तर त्यांची संमती लागेल.”

“मॅडम, ते वारले.”

“पाचही?”

“पाचही.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी क्षणभर पेन खाली ठेवलं. “मग वारसांचं ना-हरकत जोडा.”

“मुसोलिनीच्या वारसांचं?”

“ज्याचे त्याचे जे कोणी वारस असतील त्यांचं. आणि मृत्यूचे दाखले. झेरॉक्स चालेल, पण साक्षांकित हवी.”

“अहो, त्या चाउशेस्कूला गोळ्या घातल्या. साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलंय.”

“मी नाही पाहिलं. माझा जन्म नंतरचा आहे.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “सर, नाहीतर ‘काल्पनिक’ लिहून द्या ना. आत्ता शिक्का मारते.”

बाई मनाने चांगल्या होत्या, आणि तिथेच माझा स्वाभिमान आडवा आला. जन्मभर मुलांना सांगितलं की झालेलं झालं म्हणायचं आणि न झालेलं झालं नाही म्हणायचं. आता एका शिक्क्यासाठी मुसोलिनी झालाच नाही असं लिहून देऊ? मी अर्ज उचलला आणि ताठ मानेने बाहेर पडलो. छत्री तिथेच विसरली, पण ती आणायला परत गेलो असतो तर मान ताठ राहिली नसती.

“मुसोलिनीला काय फरक पडणार होता?” घरी आल्यावर बायको, म्हणजे संध्या, म्हणाली. तिचं सगळंच म्हणणं असं सरळ असतं, म्हणून मला ते पटत नाही. खाली बाकावर बसणाऱ्या मंडळींनी मात्र प्रश्न मनावर घेतला. एकाच्या मते इटलीच्या वकिलातीला मेल टाकावा. दुसऱ्याचा भाचा दुबईत होता आणि आफ्रिका तिथून जवळ पडते, तेव्हा इदी अमीनचं तो बघेल, असं त्यांनी परस्पर कबूल करून टाकलं. तिसऱ्यांनी पाचांऐवजी मेलेल्या पाच नाशिककरांवर नाटक लिहायला सुचवलं. दाखले महापालिकेत लगेच मिळतात म्हणाले.

खरा उपाय सांगितला पहिल्या मजल्यावरच्या हुजैफा शेख वकिलांनी. जमिनीची कामं करणारा माणूस. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांतच त्यांचा दिवस मावळतो. “सर, वारस सापडत नाहीत, एवढंच ना? हे आमचं रोजचं आहे. परवाच सिन्नरकडची जमीन केली. वारस कोण कुठे, कुणाला पत्ता नाही. काय करायचं? पेपरात जाहीर नोटीस. सात दिवस मुदत. ज्याला हरकत असेल त्याने यावं. नाही आला, म्हणजे हरकत नाही. काम संपलं!”

“पण इटलीचे लोक नाशिकचा पेपर वाचतील का?”

“नाही वाचत ना? तेच तर पाहिजे सर!”

चैताली मॅडमना विचारलं तर त्यांचा चेहराच उजळला. नोटीस म्हणजे त्यांच्या ओळखीची गोष्ट. मुदतीत हरकत आली नाही तर परवानगी नक्की. आली, तर ती लेखी मागे घेतल्याशिवाय नाही, असं त्या म्हणाल्या. छत्रीही परत केली.

हुजैफाभाईंनी नोटीस लिहिली. चांगला माणूस, पण जन्मात जमिनीशिवाय दुसऱ्या कशाची नोटीस लिहिलेली नाही. ती अशी होती :

‘तमाम जनतेस कळविण्यात येते की, खालील वर्णनाचा हुकूमशहा आमचे अशील यांनी नाट्यप्रयोगाकामी घेण्याचे ठरविले आहे. तरी सदर हुकूमशहावर कोणाही इसमाचा वारसा, गहाण, दान, पोटगी, वहिवाट, कूळ अथवा अन्य कोणताही हक्क किंवा हितसंबंध असल्यास त्यांनी सात दिवसांचे आत लेखी हरकत कळवावी. अन्यथा सदर हुकूमशहा निर्वेध व बोजारहित आहे असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल. मागाहून तक्रार चालणार नाही. हुकूमशहाचे वर्णन : बाल्कनीत उभा राहून हुकूम सोडणारा, छातीवर न मावतील इतके मानसन्मान घेणारा, स्वतःच स्वतःस गादीवर बसविणारा, दिसेल त्यास स्वतःचे व आईचे नाव देणारा, आणि त्याचेपुढे कोणी बोलू न धजणारा.’

त्याखाली पाचही जणांची पूर्ण नावं होती. मीच घालायला लावली होती. पण नोटीस छापून आली तेव्हा नावं गायब. पानावर जागा कमी पडली म्हणून शेवटच्या ओळी उडाल्या आणि तिथे कांद्याच्या बियाण्याची जाहिरात बसली. राहिलं ते हुकूमशहाचं वर्णन आणि खाली माझं नाव, पत्ता, फोन नंबर.

सकाळी पहिला फोन आला. “ते हुकूमशहा तुम्ही घेताय ते कितीला?” मी समजावून सांगितलं की ते नाटक आहे. “मग राहू द्या,” म्हणून त्यांनी निराश होऊन फोन ठेवला. त्यांच्याकडे बहुधा एक होता. मग मनमाडहून एका बाईंचा आला. “भाऊ, हे वर्णन आमच्या मोठ्या नणंदेचं आहे. कोणी सांगितलं तुम्हाला?” मी घाईने म्हटलं की तसं काही नाही, इतिहासातली माणसं आहेत. “असू द्या, असू द्या. आमची काही हरकत नाही. पास मिळतील का? सगळ्या जावा येऊ.” सिन्नरच्या कारखान्यातून एकाने दबक्या आवाजात विचारलं की आमच्या साहेबांचं तुमच्यापर्यंत कसं पोचलं, आणि त्याच दबक्या आवाजात आख्ख्या शिफ्टसाठी जागा धरून ठेवायला सांगितलं. माझ्या लक्षात यायला लागलं की माझा हुकूमशहा जिल्हाभर पसरलेला आहे. हरकत कोणाचीच नव्हती, सगळ्यांना तिकिटं हवी होती. मी संध्याला म्हटलं, “बघ! खरं लिहिलं म्हणून.” ती म्हणाली, “नावं गळली म्हणून.”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र सोसायटीच्या दारात एक पांढरी गाडी थांबली. त्यातून पांढरे कपडे घातलेले, भरघोस मिशांचे एक गृहस्थ उतरले आणि मागून डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई. बाईंच्या हातात आमची नोटीस होती. गृहस्थ सोफ्यावर माझ्या जागी बसले आणि ‘आहे’ला ‘शे’ म्हणणाऱ्या अहिराणी वळणाच्या मराठीत बोलायला लागले.

“मी झुंबर आप्पा. नामपूरचा. कांद्याचा व्यापार शे. मास्तर, माझं वर्णन पेपरात छापायला तुमाला कोनी सांगितलं?”

“आप्पा, ते तुमचं नाही. ते मुसोलिनी...”

“थांबा. वाच गं,” त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नी आक्काबाईंनी, खाली मान घालून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीला आप्पा उत्तर देत होते. “बाल्कनी. मी रोज सकाळी ग्यालरीत उभं राहूनच गड्यांना काम सांगतो. मानसन्मान. सत्काराच्या शालींनी दोन कपाटं भरली. गादी. पेढीवर माझ्या गादीला कोनी शिवत नाही. आईचं नाव. कांदा साठवायच्या माझ्या सगळ्या चाळी आईच्या नावानं शेत. आता सांगा! सकाळी घरात नोटीस वाचली तर सगळे हसले. सुना हसल्या. नातू हसला. माझी लेखी हरकत शे.”

आणि त्यांनी खरंच कागद काढून टेबलावर ठेवला. एक हरकत, आणि माझं नाटक, माझे पाच हुकूमशहा, मनमाडच्या सगळ्या जावा, सगळं मातीत जाणार होतं. मी आत धावलो, पुस्तकं आणली, फोटो काढले. त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वांत चांगला तास घेतला. समोर एकच विद्यार्थी, पण डोळे सताड उघडे. हा बघा मुसोलिनी, ही त्याची बाल्कनी. हा अमीन, ही पदकं मोजा. हा बोकासा, हे त्याचं सिंहासन. आप्पा प्रत्येक फोटो हातात धरून, लांब नेऊन, जवळ आणून बघत होते. कांद्याचा नमुना बघावा तसे.

शेवटी त्यांनी सगळे फोटो खाली ठेवले. “म्हणजे हे सगळे मोठ्या मोठ्या देशाचे.”

“हो आप्पा.”

“अन् मी याच्यात नाहीच?”

“नाही, आप्पा. तुमचा काही संबंध नाही!”

मला वाटलं होतं की माणूस सुटकेचा श्वास टाकेल. आप्पांचा चेहरा पडला. मग एकदम रागावून म्हणाले, “का नाही? आमी काय कमी शेत?”

इतका वेळ आत असलेली संध्या पोहे घेऊन बाहेर आली ती नेमकी याच वेळी. आप्पांनी पहिला घास घेतला. आक्काबाई बशी हातात धरून थांबल्या होत्या. त्यांनी घास घेतला नव्हता. आप्पा म्हणाले, “मीठ बरोबर शे,” आणि मग आक्काबाई खायला लागल्या. त्यांचा हात मिठाच्या वाटीकडे जरासा गेला आणि मागे आला. मी पोहे तोंडात घातले. त्यात मीठ नव्हतंच. घाईत संध्या घालायलाच विसरली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे.

“हे लिहा मास्तर,” आप्पा अभिमानाने म्हणाले. त्यांना आमच्या नजरेचा वेगळाच अर्थ लागला होता. “आमच्या घरात मीठ मी ठरवतो. मी एकदा बरोबर म्हटलं की वाटीला कोनी हात लावायचा नाही. शिस्त! तुमच्या एका तरी साहेबानं असं केलंय? हे माझं नाटकात घाला, मला पुढची खुर्ची द्या, अन् हरकत मागे.”

इतिहासात अशी तडजोड मी पुष्कळ वाचली होती, स्वतः पहिल्यांदाच केली. हुकूमशहा पाचांचे सहा झाले. आप्पांनी कागदावर सही केली आणि ते जायला उठले. आक्काबाई उंबऱ्यापाशी थांबल्या. इतक्या वेळात नोटीस सोडून त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

“भाऊ, त्या मानूसचं शेवटला काय व्हस?”

“लोक ओरडतात आणि तो पळतो.”

“पहिलं कोन वरडस?”

प्रश्न बरोबर होता. मी विचार करून सांगितलं, “ते नक्की कुणालाच माहीत नाही, आक्का.” त्यांनी मान हलवली आणि त्या गाडीकडे गेल्या.

प्रयोगाच्या दिवशी मी पडद्याच्या फटीतून बघितलं. सभागृह भरलं होतं. मनमाडच्या जावा एका रांगेत, नणंदही सोबत आणलेली. सिन्नरची शिफ्ट. हुजैफाभाई आणि त्यांचे आईवडील. तिसऱ्या रांगेत चैताली मॅडम, शासकीय नव्हे तर चक्क मोरपंखी साडीत. आणि अगदी पुढे मधोमध झुंबर आप्पा, अंगावर सत्काराची शाल, शेजारी आक्काबाई. प्रत्येक जण आपापला हुकूमशहा बघायला आला होता आणि बरेच हुकूमशहाही जातीने हजर होते.

पहिला अंक कसा गेला ते मी सांगत नाही, कारण स्वतःची स्तुती मला जमत नाही. पण महिन्यांची नावं बदलली तेव्हा सिन्नरच्या रांगेतून अशी शिट्टी आली की परीक्षकांनी मागे वळून पाहिलं. वत्सलाबाई छातीवर पदकं वाजवत फिरत होत्या आणि लोक खुर्च्या बडवत होते. मीठ आलं तेव्हा आप्पा उठून चारी बाजूंना नमस्कार करून बसले.

मग शेवटचा प्रवेश. साहेब बाल्कनीत. बाल्कनी म्हणजे गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि वर कापड. खाली जनता, म्हणजे हास्यक्लब. साहेब भाषणाला सुरुवात करतील, आम्ही ठरवल्याप्रमाणे हात उंच करतील, जनता ओरडेल, गोंधळ, पडदा. तालमी पार्किंगमध्ये झाल्या होत्या आणि तिथे डोक्यावर पाण्याचा पाइप असल्यामुळे वत्सलाबाईंनी हात कधी वर केलाच नव्हता. ही बारीक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही.

त्या दिवशी वत्सलाबाईंनी दोन्ही हात पूर्ण वर केले. आणि रोज सकाळी बागेत दोन्ही हात वर गेले की जे करायची सवय अंगात मुरलेली होती, तेच हास्यक्लबने केलं. सगळ्यांनी हात वर केले, मान मागे टाकली आणि एका सुरात ‘हो हो, हा हा हा’ सुरू केलं. भान आल्यावर ते दचकून थांबले. एकाही माणसाला पुढे काय म्हणायचं ते आठवेना. विंगेत मी नाटकाची वही तोंडात धरून उभा होतो. माझा सगळा इतिहास, ज्याच्यासाठी मी मुसोलिनीला काल्पनिक म्हणायला नकार दिला होता, तो तिथे बांबूखाली उताणा पडला होता.

वत्सलाबाई मात्र जुन्या कंडक्टर. भरल्या गाडीत काही झालं तरी बोलत राहायचं एवढं त्यांना कळतं. त्यांनी मागचंच वाक्य पुन्हा घेतलं, चढ्या आवाजात. “प्रजाजनहो! आम्ही चाखून बघितलं आहे! या देशात मीठ बरोबर आहे!”

“मीठ कमी शे!”

आवाज पुढच्या रांगेतून आला. आक्काबाई उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

“मीठ कमी शे! लगीन झायं तवपासून कमी शे!”

मग मनमाडच्या रांगेतली सर्वांत धाकटी जाऊ उठली. “कमी आहे!” नणंद तिच्याकडे बघतच राहिली. मग सगळ्या जावा. मग सिन्नरची शिफ्ट, पाय आपटत. मग आख्खं सभागृह : ‘मीठ कमी! मीठ कमी!’ मी चैताली मॅडमकडे बघितलं. त्या खुर्चीवर चढल्या होत्या. कुणाला उद्देशून ओरडत होत्या ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या साहेबांनाही एक पास गेला होता असं नंतर कळलं. माझ्या नकळत विंगेतून मीही ओरडत होतो. बाल्कनीत वत्सलाबाई माइकवर बोट आपटत होत्या, “हॅलो... हॅलो...” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चाउशेस्कूबद्दल पुस्तकात वाचलं होतं, पण असं कधी दिसेल असं वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. पडदा ओढणारा माणूस ओरडण्यात गुंतला होता म्हणून पडदा मीच ओढला.

त्या आनंदात आप्पांचा विसर पडला होता. रंगपटात हार, फोटो, मिठ्या चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले. शाल हातात होती. मला वाटलं, आता दुसरी हरकत.

“मास्तर, ते तुमचे पाच जण. त्यांना वेळेवर कोनी सांगितलंच नाही का?”

“सांगणारी माणसं त्यांनी ठेवली नव्हती, आप्पा.”

आप्पांनी मागे उभ्या असलेल्या आक्काबाईंकडे पाहिलं. “तू तरी सांगायचं ना.”

“इचारं कोनी?” आक्काबाई म्हणाल्या. आप्पा हातातल्या शालीची घडी घालत राहिले आणि मला त्या भरभक्कम माणसाची मनापासून कणव आली.

निकाल लागला. ‘साहेब बाल्कनीत आहेत’ पहिलं. परीक्षकांनी भाषणात माझ्या दिग्दर्शनाचं कौतुक केलं. जनतेचं ते भीतीपोटी हसणं आणि प्रेक्षकांत पेरलेली ती स्त्री, हे दोन्ही ‘अत्यंत विचारपूर्वक’ असल्याचं त्यांनी सांगितलं. मी विचारपूर्वक मान डोलावली. अभिनयाचं रौप्यपदक वत्सलाबाईंना, आणि दुसरं, माझ्या यादीत ज्यांचं नावच नव्हतं त्या आक्काबाईंना. सोसायटीच्या बाकावरची मंडळी आता मला ‘दिनेशराव’ म्हणतात. इतकी वर्षं ‘तळमजल्यावरचे मास्तर’ होतो.

अंतिम फेरी पुण्याला होती आणि आक्काबाईंशिवाय नाटकाला शेवट नव्हता. त्यांना पाठवा म्हणून आप्पांची परवानगी मागायला मी आणि संध्या नामपूरला गेलो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. आप्पांचा मान, घराण्याची प्रतिष्ठा, नामपूरचं नाव, सगळं क्रमाने पाठ केलं होतं. खळ्यात आप्पा गड्यांना काही सांगत उभे होते. मी घसा खाकरला आणि पहिलं वाक्य अर्ध्यावर आणलं.

तेवढ्यात आक्काबाई हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. पायात नवी चप्पल होती. त्यांनी संध्याला बसायला सांगितलं, मला पाणी दिलं आणि मग आप्पांकडे वळून म्हणाल्या, “पुन्याला जानं शे. गाडी काढा.”

गडी काम सोडून बघायला लागले. सुना दारात आल्या. माझं पाठ केलेलं भाषण घशातच राहिलं. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आक्काबाईंकडे, आणि खिशात किल्ली चाचपली.

“डिझेल टाकावं लागंल,” ते म्हणाले आणि गाडी काढायला गेले.